चौतीस डोकी

दर थांब्यावर डोकी मोजायचं काम माझ्याकडे.
अल्टोच्या मागच्या रांगेतल्या बाईकडे
असलीच कामं येतात.
हॉटेलच्या दारात चौतीस, बंदरावर चौतीस,
वीस क्रोनर घेतल्याशिवाय न उघडणाऱ्या संडासापाशी
बराच वेळ एकतीस,
मग चौतीस.

आम्ही मिनेसोटातल्या मक्याच्या सपाटीवरचे लोक.
आमच्याकडे उंच म्हणजे धान्याचं कोठार.
इथे नॉर्वेत बोगद्यामागून बोगदा, कानांना दडे,
आणि प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी उजेड आला की
सोप्रानो बायका एकदमच "अगंबाई!" म्हणतात.
तालमीत इतक्या एकत्र त्या कधी आल्या नव्हत्या.

बस चालवतो राइमोंडास. तो लिथुआनियाचा.
चर्चच्या गाणाऱ्यांना त्याने पुष्कळ फिरवलंय.
म्हणाला, "फुटबॉलवाले बरे.
हरले की निदान गप्प बसतात."

चौथ्या दिवशी धबधब्याची वीस मिनिटं कापली,
ऑर्विल ट्वेटच्या पणजोबांचं शेत बघायला.
दातांच्या डॉक्टरची बायको खिडकीशी पुटपुटली.
ऑर्विल एकोणऐंशीचा. आमच्या बासचा तळ.
खिशात स्तोत्रांच्या पुस्तकाचं मागचं पान,
त्यावर पणजोबांनी शाईने लिहिलेलं शेताचं नाव,
चार घड्या घालून.

सिग्रूनने बस थांबवली ती धरणावर.
"इथेच," ती म्हणाली, आणि पुढे काय म्हणावं
ते तिला सुचेना.
पाणी हिरवं होतं. वारा असा की
रेनकोट फडफडून फाटतो की काय.
कुणीतरी म्हणालं, एखादं स्तोत्र म्हणूया का?
लोर्नाने नुसती मान हलवली: नाही.
चीजचे सँडविच वाटले गेले. तपकिरी चीज,
गोडसर, निम्म्यांनी हळूच कागदात गुंडाळलं.

ऑर्विलने एकच विचारलं, "खोल किती?"
"सत्तर मीटर," सिग्रून म्हणाली. "कडेला कमी."
"शेत कडेला होतं का?"
तिला माहीत नव्हतं.
मी मोजलं: तेहेतीस.
पुन्हा मोजलं. तो खाली उतरला होता,
पाण्याच्या काठाशी वाकून बुटाची नाडी बांधत होता,
किंवा तसं दाखवत होता.

संध्याकाळी लाकडी चर्च. भिंतींना जुन्या डांबराचा वास.
लोर्नाने टाळी वाजवून पाहिली;
आवाज परत आला नाही, लाकूड पिऊन बसलं.
ऐकायला एकोणीस माणसं आणि एक बाबागाडी.
शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीत एक स्वर आहे
जो आमच्यात फक्त ऑर्विलला लागतो,
बाकीचे बास तिथे नुसते ओठ हलवतात.
तो आला, आणि ऑर्विल गप्प राहिला.
तोंड उघडं, छाती भरलेली, आवाज नाही.
माझ्या पायाखालून एक फळी काढल्यासारखं वाटलं.
लोर्नाचा हात तसाच धरलेला, जरा जास्तच वेळ;
मग तिने मूठ मिटली.

टाळ्या छान पडल्या.
काही कमी होतं हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

नंतर कॉफी. एका म्हातारीने त्याला काही विचारलं,
त्याने आजीकडून शिकलेल्या भाषेत
बटाट्यांबद्दल काहीतरी सांगितलं.
ती हसत सुटली, मग गप्प झाली,
मग भाचीला हाक मारून म्हणाली,
ये, ऐक, हा शब्द माझी आजी म्हणायची,
आता इथे कुणी म्हणत नाही.
त्याच्याकडून तो तीनदा वदवून घेतला.
तिसऱ्यांदा त्याचा आवाज
त्या स्वराच्या बराच जवळ गेला होता.

परतीच्या विमानतळावर त्याची बॅग दीड किलो जास्त भरली.
आत एक दगड, मोज्यात गुंडाळलेला.
काठावरचा; शेतातला नव्हे. त्यालाही ते ठाऊक होतं.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काहीतरी काढावं लागेल.
त्याने काळे बूट काढले, कार्यक्रमाचे,
आणि माझ्या हातात दिले.

मी मोजायचं विसरले.
राइमोंडासने बाहेरून काचेवर टकटक केलं,
आणि तीन बोटं दाखवली, मग चार.